सही मागणारा कागद

करार अकरा पानांचा होता. तिसऱ्या पानावर एक चौकट होती आणि चौकटीत ठळक अक्षरांत आकडा होता: ८,१०,१५४ रुपये. खाली लिहिलं होतं की ही रक्कम कंपनी सद्भावनेने देत असून कर्मचारी स्वेच्छेने राजीनामा देत आहे. शेवटच्या पानावर सहीसाठी रेघ होती. उद्या संध्याकाळी सहापर्यंत सही झाली नाही तर ‘टर्मिनेशन’ होईल आणि ते पुढच्या नोकरीच्या पडताळणीत दिसेल, असं एचआरच्या माणसाने तोंडी सांगितलं होतं. कागदावर मात्र त्यातलं काहीच नव्हतं.

वाकडला राहणारी ही मुलगी हिंजवडीतल्या एका कंपनीत नऊ वर्षं सात महिने काम करत होती. तिचं आणि कंपनीचं नाव इथे देत नाही. ज्यांच्याशी बोललो त्या सगळ्यांची तीच अट होती, आणि ती रास्तच आहे. तिच्या नवऱ्याच्या मित्राने तिला शिवाजीनगरच्या एका वकीलबाईंचा नंबर दिला. बाई गेली बरीच वर्षं कामगार कायद्याचं काम करतात. त्यांच्या ऑफिसात आता कारखान्यातल्या माणसांइतकीच गळ्यात ओळखपत्राची दोरी घालून हिंडलेली माणसं येतात. दोरी काढून घेतल्यावरच येतात, एवढंच.

बाईंनी करार बाजूला ठेवला. आधी नेमणूकपत्र मागितलं, मग शेवटच्या तीन पगारपावत्या. मग कोरा कागद पुढे ओढून आठ लाख दहा हजारांची फोड करायला घेतली. नेमणूकपत्राप्रमाणे नोटीस दोन महिन्यांची. एकूण पगार महिना १,४०,००० रुपये, म्हणजे नोटिशीचे २,८०,०००. शिल्लक रजा बावीस दिवस, त्याचे कंपनीच्या हिशेबाने ४४,०००. ग्रॅच्युइटी: मूळ पगार ६०,०००, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरायचा, आणि शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर काम झालेलं असल्याने वर्षं दहा. ते ३,४६,१५४ रुपये. तिन्हींची बेरीज ६,७०,१५४.

“हे सगळं तुमचंच आहे. सही केली नाही तरी द्यावंच लागतं,” बाई म्हणाल्या. “आता वजाबाकी करा.”

उरले १,४०,०००. एक महिन्याचा पगार. अकरा पानं, सगळे दावे सोडून दिल्याची कबुली, एक वर्ष प्रतिस्पर्धी कंपनीत न जाण्याची अट आणि कंपनीविषयी कुठेही वाईट न बोलण्याची हमी, या सगळ्याच्या बदल्यात कंपनी खरोखर पदरचं देत होती ते एवढंच.

ही वजाबाकी पाहिल्यापासून मी ज्याला त्याला ती करायला सांगतो. नोकरी जाते त्या दिवशी डोकं ठिकाणावर नसतं. घराचा हप्ता, मुलाच्या शाळेची फी, आईला काय सांगायचं, हेच डोक्यात घोळत असतं, आणि समोर एक भला मोठा आकडा येतो. तो आकडा एकच असतो, कारण एक आकडा पाहिला की माणूस सुटे भाग विचारत नाही. आधी मिळणारच असलेले पैसे आणि सहीच्या बदल्यात मिळणारे पैसे यांची सरमिसळ करून ती भेट म्हणून पुढे ठेवली जाते.

बाईंचं काम तिथे संपलं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत वेतनाची व्याख्या बदलली आहे. वगळलेल्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेली तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो. एक लाख चाळीस हजारांत मूळ पगार साठ हजार दाखवून उरलेलं भत्त्यांत विभागलेलं होतं. नव्या व्याख्येने वेतन सत्तर हजार होतं आणि ग्रॅच्युइटी ४,०३,८४६ रुपये. कंपनीच्या आकड्यात ५७,६९२ रुपये कमी होते. मुद्दाम की जुनीच एक्सेल शीट वापरली म्हणून, हे सांगता येणार नाही. विचारल्यावर दुरुस्त झालं, म्हणजे विचारल्याशिवाय झालं नसतं हे नक्की.

आता मुख्य प्रश्न. कंपनीलाच कामावरून काढायचं आहे तर ती सरळ काढून का टाकत नाही? राजीनामा का मागते?

उत्तर कायद्यात आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात जे होतं तेच बऱ्याच अंशी २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत आलं आहे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपात म्हणून काढायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, कारण लिहावं लागतं, सरकारला कळवावं लागतं, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे किमान पंधरा दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई म्हणून द्यावा लागतो. एका प्रकारच्या कामातला जो शेवटी आला तो सहसा आधी जातो. वेगळं करायचं तर कारण नोंदवावं लागतं. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर आधी काढलेल्यांना विचारावं लागतं. नव्या संहितेने त्यात कौशल्य निधीची भर घातली आहे. काढलेल्या कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचं वेतन भरायचं आणि ते पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचं.

वाकडच्या मुलीसाठी हा हिशेब केला तर नुकसानभरपाईच साडेतीन लाखांच्या आसपास जाते, वर कौशल्य निधीचे पस्तीस हजार. ग्रॅच्युइटी आणि नोटीस त्याहून वेगळी. पण स्वेच्छेने नोकरी सोडली तर ती कपात ठरत नाही आणि यातलं काहीच लागू होत नाही. एक लाख चाळीस हजार देऊन पावणेचार लाखांहून अधिक देणं आणि पुढची कटकट टाळायची, असा तो व्यवहार होता. राजीनाम्याचं एक वाक्य कंपनीला इतकं हवं असतं ते यासाठी.

अर्थात हे संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्याला आहे. आयटीतल्या माणसाला इथेच शंका येते: आपण कुठले कामगार, आपण तर सीनियर कन्सल्टंट. व्याख्येत कुशल, तांत्रिक, कारकुनी अशी सगळी कामं आहेत. वगळलेले आहेत ते मुख्यतः व्यवस्थापन किंवा प्रशासन पाहणारे, आणि अठरा हजारांच्या वर वेतन घेणारे पर्यवेक्षक. हुद्दा काय लिहिला आहे यापेक्षा माणूस दिवसभर प्रामुख्याने काय करतो हे पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईच्या सिबा गायगी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात सांगितलं होतं. सुट्ट्या कोण मंजूर करतं, कामावर कोण घेतं, कोण काढतं, मूल्यमापनावर अंतिम सही कोणाची, असे प्रश्न बाई विचारतात. मुलगी कोड लिहीत होती आणि दोन नव्या मुलांना शिकवत होती. नावात ‘लीड’ होतं, अधिकार कसलाही नव्हता. चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये एका मोठ्या आयटी कंपनीच्या अभियंत्याला कामगार मानून पुन्हा कामावर घ्यायचा आदेश दिला होता. त्या निकालाला सात वर्षं लागली, हेही बाई त्याच दमात सांगतात. खोटी आशा लावणं त्यांना जमत नाही.

खरोखरच माणसं नेमणारा आणि काढणारा व्यवस्थापक असेल तर दारं कमी होतात. त्याच्यासाठी नेमणूकपत्र हाच कायदा. दिवाणी न्यायालय नोकरी परत देत नाही, फार तर नोटिशीचे पैसे आणि थकबाकी. अशा माणसाने तर सहीआधीच वकील गाठायला हवा, कारण त्याचा सगळा जोर त्या एका सहीत असतो. सही झाली की मागण्यासारखं हातात काही उरत नाही.

उद्या संध्याकाळी सहा, ही मुदत मला सगळ्यात जास्त खुपते. जुलै २०१७ मध्ये टेक महिंद्राच्या एचआर अधिकाऱ्याचं आणि एका कर्मचाऱ्याचं फोनवरचं बोलणं बाहेर आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत राजीनामा द्या, असं त्यात सांगितलं जात होतं. आनंद महिंद्रांनी जाहीर माफी मागितली. पुढे जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचारी संघटनेने जबरदस्तीच्या राजीनाम्यांची तक्रार सरकारकडे नेली. कंपनीने ते आरोप नाकारले. कोण खरं हे ठरवायला मी बसलेलो नाही. पण ज्या कागदाने दहा वर्षांचा हिशेब मिटतो तो वाचायला चोवीस तास पुरतात, असं मानणारी पद्धत सगळीकडे रुजली आहे आणि तिला अडवणारा एकही नियम आपल्याकडे नाही.

दुसरीकडे आहे. ब्रिटनमध्ये असा समझोता करार कर्मचाऱ्याने स्वतंत्र सल्लागाराकडून सल्ला घेतल्याशिवाय कायद्याने टिकतच नाही. १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यातली ती अट आहे, आणि सल्लागाराची फी बहुधा कंपनीच देते, कारण सल्ला घेतला गेला नाही तर कागद तिच्याच उपयोगाचा राहत नाही. अमेरिकेत नोकरीवरून काढणं आपल्याहून सोपं आहे. तरीही चाळीस किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाकडून वयावरून झालेल्या भेदभावाचा दावा सोडून देणारी सही हवी असेल तर त्याला एकवीस दिवस विचाराला द्यावे लागतात, एकदम अनेकांना काढत असतील तर पंचेचाळीस, आणि सहीनंतरही सात दिवसांत ती मागे घेता येते. न्यू जर्सीत नोकरी गेलेला आपला एखादा पंचेचाळीशीचा माणूस त्या एकवीस दिवसांत वकील शोधतो, व्हिसाचं पाहतो, आकडा वाढवून मागतो. त्याच कंपनीच्या खराडीच्या ऑफिसातल्या त्याच्या वर्गमित्राला एक रात्र मिळते. राज्य सरकारने एवढाच नियम करावा की कर्मचाऱ्याला मसुदा मिळाल्यापासून किमान दहा दिवस आणि वकिलाला दाखवण्याची लेखी मुभा दिल्याशिवाय असा करार ग्राह्य धरला जाणार नाही. कुठल्याही प्रामाणिक कंपनीचं त्यात नुकसान नाही.

नियम होईपर्यंत वेळ मागून घ्यावा लागतो. बाईंनी मुलीकडून त्याच दुपारी चार ओळींचा ईमेल लिहून घेतला. आज अमुक वाजता अमुक यांनी मला राजीनामा देण्यास सांगितलं, मसुदा मिळाला, मी तो माझ्या वकिलांना दाखवत आहे, मला दहा दिवस हवेत. शब्द अगदी साधे, कुठे आरोप नाही, धमकी नाही. पण तोंडी सांगितलेली मुदत आता कागदावर आली होती. उत्तर दोन तासांत आलं: आठवडाभर चालेल.

एका निवृत्त एचआर अधिकाऱ्यांशी बोललो. अशा बैठका त्यांनी स्वतः घेतल्या आहेत आणि त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली जातो. “आम्हालाही वरून यादी येते आणि तारीख येते,” ते म्हणाले. “बहुतेक वेळा थोडी जास्त रक्कम मंजूर करून ठेवलेली असते. मागणारे फार थोडे निघतात. जो मागत नाही त्याला पहिलाच आकडा.” पैशाखेरीज काय मागता येतं, असं विचारलं तर त्यांनी भराभर यादी सांगितली. आरोग्यविमा काही महिने पुढे चालू ठेवणं, आणि घरात कोणाचा उपचार चालू असेल तर ते सगळ्यात मोलाचं. शेअर घेण्याचे पर्याय दिलेले असतील तर ते वापरायची मुदत वाढवणं. जॉइनिंग बोनसची वसुली सोडणं. अनुभवपत्रातला मजकूर आधी ठरवून करारालाच जोडणं. यातलं बरंच कंपनीला फार महाग पडत नाही, म्हणून सहज सुटतं.

मुलीच्या करारातलं सातवं कलम बाईंनी सरळ खोडलं. एक वर्ष प्रतिस्पर्ध्याकडे काम करायचं नाही, ही ती अट. १८७२ च्या करार कायद्याचं सत्ताविसावं कलम नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी मानत नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानच्या खटल्यात हेच म्हटलं. त्याच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या कंपनीला करार संपल्यावरही त्याला धरून ठेवायचं होतं, ते चाललं नाही. नोकरी चालू असतानाचं बंधन मात्र टिकतं. सेंच्युरी कंपनीच्या कल्याणजवळच्या कारखान्यातले गोलीकरी पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून दुसरीकडे गेले आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. २०२५ मध्ये विजया बँकेच्या नारनवरे यांच्या खटल्यात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्याबद्दल दोन लाख रुपये भरण्याची अटही न्यायालयाने वैध ठरवली. म्हणजे ‘असले बाँड कोर्टात टिकत नाहीत’ हे चहाच्या टपरीवरचं ज्ञान अर्धंच खरं आहे. कंपनीची गुपितं बाहेर न सांगण्याची अटही टिकते. म्हणून बाई एक ताकीद आवर्जून देतात. लॅपटॉप परत करण्याआधी पगारपावत्या, नेमणूकपत्र, बढतीची आणि मूल्यमापनाची पत्रं जपून ठेवा, पण ग्राहकाचा डेटा किंवा कोड स्वतःच्या मेलवर पाठवू नका. तसं केलं तर फिर्यादी तुम्ही असता आणि आरोपीही तुम्हीच होता.

पंचेचाळीस दिवसांत अंतिम हिशेब, असं नवव्या कलमात होतं. वेतन संहितेप्रमाणे नोकरी कुठल्याही कारणाने सुटली तरी वेतनाची बाकी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते. ग्रॅच्युइटीला तीस दिवस आहेत. हे कलमही बदललं. ‘स्वेच्छेने’ हा शब्द काढायला कंपनी शेवटपर्यंत तयार झाली नाही. तेव्हा बाईंनी त्याचीच किंमत लावली. एक महिन्याच्या पगाराऐवजी साडेतीन महिन्यांचा, विमा सहा महिने आणि दुरुस्त ग्रॅच्युइटी. भांडली असती तर कदाचित थोडं अधिक मिळालं असतं, काही वर्षांनी. तिला ते नको होतं. विचार करून, हिशेब समजून तिने सही केली. तशी सही करण्यात कमीपणा नाही.

माझ्या वडिलांच्या पिढीने व्हीआरएस पाहिली. पिंपरी, ठाणे-बेलापूर पट्टा, मुंबईच्या गिरण्या, पुढे २००० च्या सुमारास बँका. तिथेही फसवणूक झाली, पैसे लग्नात आणि घरात संपले, पण टेबलाच्या या बाजूला निदान युनियनचा माणूस बसलेला असायचा आणि आकडा सगळ्यांना ठाऊक असायचा. आज शेजारच्या क्युबिकलमध्ये कोणाला किती मिळाले हे सांगायलाही करारात बंदी असते. माणूस काचेच्या खोलीत एकटा जातो आणि एकटा बाहेर येतो. वकील गाठणं म्हणजे भांडण उकरणं, ही समजूत मध्यमवर्गाने सोडायला हवी. घराचा करारनामा आपण वकिलाला दाखवतो. हा कागद तेवढाच मोठा आहे.

पैसे नसतील तर? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. वाकडच्या मुलीला हे माहीत नव्हतं. मलाही या लेखासाठी फिरेपर्यंत ते माहीत नव्हतं, आणि आयटीतल्या ज्या बायका भेटल्या त्यांच्यापैकी एकीलाही नव्हतं.

आणि ज्यांनी त्याच संध्याकाळी सही करून टाकली ते? बाईंकडे असेही येतात. हडपसरचे एक गृहस्थ, वय सत्तेचाळीस, सॉफ्टवेअर तपासणीचं काम. तीन तास खोलीत बसवल्यावर त्यांनी सही केली. त्या रात्री झोप लागेना म्हणून बायकोने त्यांना उठवून बसवलं आणि ईमेल लिहायला लावला: सही माझ्याकडून दबावाखाली घेतली आहे. तो ईमेल हा आता त्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. सेवेचा शेवटचा दिवस करारात महिन्यानंतरचा होता. चौथ्या दिवशी त्यांनी राजीनामा मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याचा राजीनामा रेल्वेने स्वीकारला होता, पण तो स्वीकार त्याला कळवलाच नव्हता. त्याने तो मागे घेतला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला पुन्हा कामावर घ्यायला लावलं. खाजगी कंपनीत हे तसंच्या तसं लागू होईल असं नाही, तरी आधार आहे. पैसे खात्यात आले म्हणून तोंड बंद झालं असंही नाही. दूरसंचार खात्याच्या एका हंगामी कामगाराने कपातीचा धनादेश वटवला होता, तरी त्याचा दावा ऐकायचा असं न्यायालयाने २००० मध्ये नरसिंग पाल खटल्यात म्हटलं. नरसिंग पाल सरकारचे कामगार होते, ही बाजूही बाई लपवत नाहीत.

हडपसरच्या गृहस्थांनी वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज दिला. पहिली पायरी समेटाची. अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. तिथे पंचेचाळीस दिवसांत मिटलं नाही तर कामगार स्वतः न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. पूर्वी त्यासाठी तीन वर्षं होती, नव्या संहितेने दोन केली आहेत. पहिल्या तारखेला कंपनीकडून कोणी आलं नाही. दुसऱ्या तारखेला वकील आला आणि स्वाक्षरी केलेला करार पुढे केला. अधिकाऱ्याने ईमेलची प्रत त्याच्या शेजारी ठेवून दोन्हींवरच्या तारखा पाहिल्या आणि बैठकीच्या दिवशीच्या प्रवेशद्वाराच्या नोंदी मागवल्या: गृहस्थ खोलीत किती वाजता गेले, बाहेर किती वाजता आले. त्या नोंदी आणायला कंपनीला तीन आठवडे दिले आहेत.